गाळ साचल्यानंतर आणि दगड होण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाळाच्या खडकांचा विषय निघाला की लोक फिरून फिरून तेच विचारतात: काळा चिखल, शिंपले, शाळिग्राम, तेल. ती सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमाने वाचायची सक्ती नाही, पण खाडीच्या चिखलाचा प्रश्न वगळू नका. पुढचं बरंचसं त्याच्यावर उभं आहे.

गाळावर वजन पडलं की तो दाबून दगड होतो, असं शाळेत शिकलो. त्यात रसायनशास्त्र कुठून आलं?

वजनाने गाळ दबतो, त्यातलं पाणी निघून जातं, थर पातळ होतो. इथवर शाळेचं बरोबर आहे. पण दबलेला गाळ म्हणजे दगड नव्हे. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास आणि एस्टोनियात कँब्रियन काळातली निळसर माती आहे. वय पन्नास कोटी वर्षांहून जास्त, तरी आजही ती मळता येते. ती फार खोल गाडली गेली नाही, तापली नाही आणि तिच्या कणांना सांधणारं खनिज तिच्यात वाढलं नाही.

उलट उष्ण कटिबंधातल्या प्रवाळबेटांवर, आपल्या लक्षद्वीपमध्येसुद्धा, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूचा दगड होतो. त्याच्यावर वजन म्हणावं असं काहीच नसतं. समुद्राचं पाणी कणांच्या फटींत खेळतं, उन्हाने तापतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि फटींत ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाच्या सुया वाढतात. जगात ठिकठिकाणी अशा दगडात काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्या आहेत, म्हणजे वय फार तर काही दशकांचं. कोकण किनाऱ्यावरही शिंपल्यांच्या चुऱ्याची आणि वाळूची अशीच सांधलेली लादी दिसते. काही ठिकाणी तिला करळ म्हणतात.

तेव्हा दगड होतो तो मुख्यतः पाण्यामुळे. कोणतं पाणी, किती वेळ आणि कुठून कुठे गेलं, यावर सगळं ठरतं. वजन मदतीला असतं.

डायजेनेसिस म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

गाळ तळाला टेकला त्या क्षणापासून ते तो रूपांतरित खडक व्हायला लागेपर्यंत त्यात होणारे सगळे भौतिक, रासायनिक आणि जैविक बदल. हा शब्द गुंबेल या जर्मन भूशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये वापरात आणला. वरची सीमा साधारण १५० ते २०० अंश सेल्सियस धरतात. जमिनीत दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं, म्हणजे ही सीमा पाच-सात किलोमीटर खोल येते. या पानावर भर आहे तो पहिल्या काही मीटरांवर, कारण खरी धांदल तिथेच चालते.

गाळात पाणी तरी किती असतं?

नुकत्याच बसलेल्या बारीक चिखलात आकारमानाने ७० ते ८० टक्के. वाळूत ४० ते ४५ टक्के. सुरुवातीला हे पाणी वरच्या समुद्राचं किंवा तळ्याचंच असतं. एकदा कणांमध्ये अडकलं की ते आपल्या वाटेने बदलत जातं: ऑक्सिजन संपतो, लोह विरघळतं, बायकार्बोनेट वाढतं. कणांमधलं पाणी वेगळं काढून तपासलं की गाळात काय शिजतंय ते कळतं, म्हणूनच या विषयातले लोक गाळाइतकेच त्यातल्या पाण्याच्या मागे असतात. गाळाचा नळीभर गाभा काढला की पहिली घाई हे पाणी हवा न लागू देता काढून घेण्याची असते.

खाडीचा चिखल वरून तपकिरी आणि आत काळा का असतो?

ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीत किंवा गोव्यात मांडवीच्या काठी तिवरांजवळ फावड्याने चिखलाचा उभा काप घ्या. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, मग राखाडी पट्टा आणि त्याखाली काळाकुट्ट चिखल. वरचा तपकिरी रंग लोहाच्या गंजाचा. काळा रंग लोह आणि गंधक यांच्या संयुगाचा.

घडतं ते असं. चिखलात कुजकी पानं, शेवाळ, मेलेले जीव असतात. सूक्ष्मजीव ते खातात आणि खाताना त्यांना 'श्वासासाठी' काहीतरी लागतं. ऑक्सिजन असेल तोवर ऑक्सिजन, कारण त्यातून सगळ्यात जास्त ऊर्जा मिळते. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडं, मग लोहाची, मग सल्फेट आणि सगळं संपल्यावर मिथेन तयार करणारे जीव. प्रत्येक पायरीला ऊर्जा कमी मिळते, म्हणून वरची शिदोरी संपल्याशिवाय खालचे जीव पुढे सरसावत नाहीत.

आता हिशेब बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार तर सात-आठ मिलिग्रॅम. सल्फेट मात्र सुमारे २.७ ग्रॅम. म्हणून किनाऱ्याच्या चिखलात ऑक्सिजन काही मिलिमीटरांत संपतो आणि पुढची बरीचशी कुजण्याची प्रक्रिया सल्फेटवर चालते. सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे तो सडक्या अंड्यांचा वास. तो विरघळलेल्या लोहाला भेटला की काळा आयर्न सल्फाइड.

काळ्या चिखलाचा गोळा उघड्यावर ठेवून पाहा. बाहेरून तो बघता बघता राखाडी आणि मग तपकिरी होतो, फोडला तर आत अजून काळाच. हवेतल्या ऑक्सिजनने सल्फाइड मोडलं. प्रयोगशाळेत त्याच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की वास उसळतो. हे मोकळ्या हवेत किंवा फ्यूम हूडखालीच करावं, हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे.

पुस्तकातल्या आकृतीत हे पट्टे एकाखाली एक छान आखलेले असतात. प्रत्यक्षात खेकडे आणि किडे बिळं करून ऑक्सिजन खोलवर नेतात आणि काळ्या चिखलात बिळाभोवती तपकिरी कडी दिसते. खोल महासागराचं गणित तर अगदीच उलटं: दक्षिण प्रशांताच्या मधोमध खाद्यच इतकं कमी पोचतं की ऑक्सिजन गाळाच्या पूर्ण जाडीत शिल्लक असतो.

पायराइट तो हाच का?

काळा आयर्न सल्फाइड टिकाऊ नसतो. त्यात आणखी गंधक मिळून पुढे पायराइट होतो. गाळातला हा पायराइट सोन्यासारख्या मोठ्या चौकोनांत क्वचितच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो तुतीच्या फळासारख्या गोळ्यांत असतो, एकेक गोळा काही मायक्रॉनचा, शेकडो इवल्या स्फटिकांचा. गोळे वरच्या पाण्यातच तयार झाले असतील तर ते बारीक आणि जवळपास एकाच मापाचे असतात, कारण वाढायच्या आत खाली पडतात. गाळात तयार झालेले मोठे आणि कमी-जास्त आकाराचे. त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेलमधल्या, म्हणजे चिखलाच्या पापुद्रेदार खडकातल्या, गोळ्यांची मापं घेऊन त्या समुद्राच्या तळाला ऑक्सिजन होता की नाही याचा अंदाज घेता येतो.

गोड्या पाण्याच्या तळ्यात किंवा दलदलीत हेच होतं का?

नाही, कारण तिथे सल्फेट फार थोडं असतं. लोह विरघळतं, पण त्याला पकडायला गंधक नसतं. मग ते कार्बोनेटशी जुळतं आणि सिडेराइट तयार होतो. गोंडवन काळातल्या कोळशाच्या खोऱ्यांत याचं ठळक उदाहरण आहे: राणीगंजच्या खोऱ्यातला 'आयर्नस्टोन शेल', ज्यात सिडेराइटच्या गाठी आणि पट्टे आहेत. कुल्टीच्या लोखंड कारखान्यात एकेकाळी हेच खनिज वापरलं जाई. गाळात पायराइट भरपूर की सिडेराइट, एवढ्यावरून पाणी खारं होतं की गोडं याचा पहिला कयास बांधता येतो.

खारफुटीचा काळा चिखल उपसून शेतात टाकला तर चालेल का?

सावधान. पाण्याखाली असेपर्यंत त्यातला पायराइट निरुपद्रवी असतो. निचरा करून वाळवला की ऑक्सिजन आत शिरतो आणि पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल होतं. केरळात कुट्टनाडमधल्या 'करी' जमिनी याच कारणाने कुप्रसिद्ध आहेत. गोव्यातल्या खाजण जमिनींतही खारटपणाच्या जोडीला आम्लता असते. अशा ठिकाणी जमीन ओली ठेवणं हा हौसेचा भाग नसतो. मापन न करता भराव टाकू नका, आणि पीएच मोजायचा तर ताज्या चिखलाचा मोजून थांबू नका. काही आठवडे हवेत ठेवून पुन्हा मोजा. ताजा चिखल बहुधा उदासीनच येतो आणि तिथेच माणसं फसतात.

सल्फेट संपल्यावर खाली काय?

मिथेन. तो वर सरकतो, वरून येणाऱ्या सल्फेटला भेटतो आणि त्या सीमेवर सूक्ष्मजीवांच्या दोन जाती जोडीने काम करून मिथेनच खाऊन टाकतात. त्यातून बायकार्बोनेट भरपूर तयार होतं आणि तिथे कार्बोनेटच्या गाठी धरतात.

बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. २००६ मध्ये 'जॉइडेस रेझोल्यूशन' या जहाजावरून तिथे छिद्रं घेतली तेव्हा चिखलातल्या भेगांत गोठलेला मिथेन, म्हणजे गॅस हायड्रेट, सापडला. तिथल्या गाळात त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या गोदावरीने आणलेला दख्खनच्या काळ्या पाषाणाचा चुरा आहे आणि त्यात मॅग्नेटाइटचे चुंबकीय कण असतात. सल्फाइडच्या पट्ट्यात हे कण विरघळतात, त्यामुळे गाळाची चुंबकीयता एकदम घसरते. काही थरांत मात्र ग्रेगाइट नावाचा दुसरा चुंबकीय सल्फाइड तयार होऊन ती पुन्हा वाढते. म्हणजे चुंबकीय मोजमापावरून जुन्या मिथेन-सल्फेट सीमा कुठे होत्या ते शोधता येतं. जुन्या हवामानासाठी चुंबकीयता वाचणाऱ्यांना हीच गोष्ट डोकेदुखी ठरते.

शाळिग्रामाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. नेपाळातल्या काली गंडकीत सापडणारे शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक समुद्राच्या काळ्या शेलमधल्या गाठी, वय सुमारे पंधरा कोटी वर्षं. पुष्कळांच्या आत अमोनाइट हा शंखवर्गी प्राणी असतो. आपण ज्याला चक्र म्हणतो ते त्याच्या शंखाचं वेटोळं आणि त्यावरच्या धारा. काहींत पायराइटची सोनेरी झाक असते.

प्राणी मेला, चिखलात पडला, त्याचं मांस कुजताना आजूबाजूच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढलं आणि त्याच्याभोवती खनिजाचं कवच धरलं. हे लवकर घडलं हे कशावरून? गाठीच्या आतला शंख गोलाकार, फुगीर असतो. अशा शेलमध्ये गाठीबाहेर राहिलेले शंख चपटे झालेले असतात. शेलचे पातळ पापुद्रेसुद्धा गाठीला वळसा घालून जातात. म्हणजे बाकीचा चिखल दबायच्या आधीच गाठ घट्ट झाली होती.

शिंपले हजारो वर्षं तसेच राहतात का?

बहुतेक नाही. शिंपल्याचं आणि प्रवाळाचं कॅल्शियम कार्बोनेट बरेचदा ॲरागोनाइट या रूपात असतं. त्याच रसायनाचं दुसरं रूप, कॅल्साइट, जास्त स्थिर. समुद्राच्या पाण्यात ॲरागोनाइट तग धरून राहतो. समुद्र मागे हटून पावसाचं पाणी त्यातून झिरपलं की तो विरघळायला लागतो आणि जवळच कॅल्साइट म्हणून बसतो. कधी शिंपला हळूहळू जागच्या जागी बदलतो आणि आतली नक्षी पुसटशी राहते. कधी पूर्ण विरघळून नुसता पोकळ ठसा उरतो. मॅग्नेशियम मिळालं आणि परिस्थिती जुळली तर डोलोमाइट होतो. डोलोमाइट प्राचीन खडकांत डोंगरभर आणि आजच्या समुद्रात जवळपास नाही, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

प्रवरा-गोदावरीच्या काठच्या मातीत पांढरे खडे असतात. ते वाहून आलेले असतात का?

नाही, तिथेच वाढलेले. बेसाल्ट झिजताना कॅल्शियम सुटतं, पावसाच्या पाण्याबरोबर खाली मुरतं, आणि कोरड्या ऋतूत पाणी उडालं किंवा मुळांनी ओढलं की कॅल्साइट मागे राहतो. पावसाळा आणि कोरडा काळ यांचं चक्र असलेल्या कमी पावसाच्या भागात हे छान जमतं, म्हणून घाटमाथ्याच्या पूर्वेला हे चुनखडे मुबलक आणि कोकणात जवळपास नाहीत. वाहून आलेला खडा गुळगुळीत असतो, हा ओबडधोबड, फोडला तर आत मातीचे कण अडकलेले. नेवाशाला प्रवरेच्या जुन्या काठात गोट्यांचे थर याच चुन्याने सांधलेले आहेत. ज्या थरांतून दगडी हत्यारं मिळाली त्यांतलेच हे. तिथे खोल गाडलं जाणं वगैरे काहीच घडलेलं नाही.

हीच गोष्ट फार जुन्या काळीही झाली. जबलपूर, नागपूर, चंद्रपूर भागात दख्खनच्या लाव्ह्याखाली लॅमेटा थर आहेत, डायनोसॉरच्या अवशेषांसाठी नावाजलेले. त्यांतला बराच चुनखडक हा मातीत वाढलेला कंकर, म्हणजे असाच चुनखडा, आहे. त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून त्या काळच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता याचे अंदाज बांधले गेले आहेत.

तळ्यात मीठ धरतं तसं गाळातही धरतं का?

धरतं. लोणारच्या तळातून काढलेल्या गाभ्यात काही थरांत गेलुसाइटचे स्फटिक मिळाले. हे सोडियम आणि कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट. पाणी आटून खूप खारं झाल्याशिवाय ते तयार होत नाही. म्हणून ते थर दीर्घ अवर्षणाची खूण मानले जातात.

चकमकीचा दगड कसा होतो?

सिलिका विरघळून आणि पुन्हा बसून. खोल समुद्रात डायटम आणि रेडिओलॅरिया या सूक्ष्म जीवांची कवचं ओपलची, म्हणजे स्फटिक न झालेल्या सिलिकेची, असतात. गाडली गेली की ओपल आधी अर्धवट स्फटिकी रूपात जातं आणि पुढे क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीच्या खनिजात. आपल्याकडचं उदाहरण समुद्राचं नाही. दख्खनच्या दोन लाव्हाथरांमध्ये काही काळ तळी साचली, त्यांच्या गाळात झाडं गाडली गेली. लाव्ह्याच्या झिजेतून सिलिका मुबलक आली आणि ती वनस्पतींच्या पेशींत शिरून बसली. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला अशी फळं, फुलं, खोडं चकमकीत जशीच्या तशी मिळतात. बिरबल सहानींनी या वनस्पतींवर मोठं काम केलं. पेशींच्या भिंती सूक्ष्मदर्शकात मोजता येतील इतक्या शाबूत आहेत. कुजण्याच्या आत सिलिका पोचली, एवढाच त्याचा अर्थ.

समुद्रतळावरच्या मँगनीजच्या गाठीही यातल्याच?

काही अंशी. २६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून हिंदी महासागरातून भारताची पहिली गाठ वर काढली. या गाठी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या वेगाने वाढतात. वरच्या बाजूला धातू समुद्राच्या पाण्यातून येतात. गाळात रुतलेल्या बाजूला ते गाळातल्या पाण्यातून येतात: खाली मँगनीज विरघळतं, वर सरकतं आणि ऑक्सिजन भेटला की पुन्हा बसतं. गाळातून पोसलेला भाग खरबरीत असतो आणि त्यात निकेल, तांबं जास्त असतं, म्हणून खाणकामवाल्यांचा डोळा त्याच्यावर.

खडकात काय आधी झालं आणि काय नंतर, हे ओळखतात कसं?

खडकाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ॲलिझारिन रेड एस हा रंग लावला की कॅल्साइट लाल-गुलाबी होतो, डोलोमाइट कोरा राहतो. सोबत पोटॅशियम फेरिसायनाइड घातलं तर लोह असलेला कॅल्साइट जांभळा होतो. म्हणजे तो ऑक्सिजन संपल्यानंतरच्या पाण्यातून आला.

वाळूच्या खडकात एक गोष्ट मुद्दाम शोधतात. वाळूचे कण एकमेकांना टेकलेले नाहीत, कॅल्साइटमध्ये सुटे सुटे तरंगताहेत असं दिसलं, तर सिमेंट, म्हणजे कणांना सांधणारं खनिज, वजन पडायच्या आधी आलेलं आहे. कण एकमेकांत रुतलेले आणि फटींत नंतर क्वार्ट्झ वाढलेलं असेल तर आधी वजन. क्वार्ट्झचं सिमेंट साधारण ७०-८० अंशांनंतरच जोर धरतं.

काळ्या मातीतली चिकणमाती समुद्रात गेल्यावर बदलते का?

तळाच्या वरच्या थरांत फारशी नाही. भेगाळणाऱ्या काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज थरांत पाणी धरून ठेवतं. खोल गेल्यावर, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, ते फेल्डस्पार या खनिजातलं पोटॅशियम घेऊन इलाइट हे दुसरं चिकणमातीचं खनिज होत जातं आणि पाणी, सिलिका, लोह, मॅग्नेशियम बाहेर टाकतं. हे पाणी निघायला वाट नसेल तर थरात दाब साचतो. विहिरी खोदणारे या पट्ट्याला वचकून असतात. जवळपास याच तापमानाला सेंद्रिय पदार्थातून तेल सुटतं.

मग बॉम्बे हायचं तेल?

१९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधलं ते मायोसीन काळातल्या चुनखडकात. तेल दुसरीकडच्या शेलमध्ये तयार झालं आणि या खडकात येऊन साठलं. साठायला जागा कुठून आली, हा आपल्या विषयाचा भाग. समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा तो उथळ चुनखडीचा पठारी भाग उघडा पडला, पावसाचं पाणी झिरपलं आणि शिंपले व इतर कवचं विरघळून पोकळ्या झाल्या. ज्या पट्ट्यांत त्या मोकळ्या राहिल्या तिथे तेल भरलं. त्यांच्या वरखालीच असे घट्ट पट्टे आहेत, ज्यांत फटी भरून गेल्या आहेत आणि तेलाला शिरायला जागा उरलेली नाही.